मालगाडीपासून मेलपर्यंत

दौंडला एखादा मेल ड्रायव्हर रिटायर होतो तेव्हा हारतुरे त्याला मिळतात आणि बढत्या खालच्या तिघाचौघांना. त्याची जागा पॅसेंजरवाल्याला, पॅसेंजरवाल्याची मालगाडीवाल्याला, मालगाडीवाल्याची सिनियर असिस्टंटला. शेवटी अगदी तळाशी एक जागा रिकामी होते आणि रेल्वे भरती मंडळाच्या पुढच्या जाहिरातीतल्या आकड्यात जाऊन बसते. हुद्द्याचं नाव आता 'लोको पायलट' आहे, बोलण्यात मात्र अजून ड्रायव्हरच. नाव कुठलंही घेतलं तरी रनिंग स्टाफचं निम्मं आयुष्य या साखळीत असतं. आपल्या पुढे किती जण आहेत, त्यातले कितीजण कुठल्या महिन्यात साठीला पोचतात, मध्ये किती जागा मंजूर आहेत, हे इथल्या माणसाला तोंडपाठ असतं.

सरकारी नोकरी लागली की पोरगं 'सुटलं' असं आपल्याकडे म्हणतात. लोको पायलटच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे. नोकरी लागल्यावर सुरू होतो तो सिनिऑरिटी लिस्टमधल्या एका नंबराचा प्रवास. तो नंबर कसा पडतो, कसा पुढे सरकतो आणि एका सहीने कसा तळाला जाऊ शकतो, हे फॉर्म भरण्याआधी फार थोड्यांना माहीत असतं. शिरूर-दौंड भागातली मुलं इतक्या हौसेने या नोकरीकडे वळतात, म्हणून हे नीट समजून घेणं मला गरजेचं वाटतं.

दौंडचं रेल्वेशी नातं जुनं आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ 1858 मध्ये पुण्याहून दौंडवरून दिक्सळपर्यंत गेले. 1878 मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि भीमेकाठचं हे गाव जंक्शन झालं. 1914 मध्ये बारामतीची नॅरो गेज आली. वाफेच्या काळात इथे लोकोशेड होतं. इंजिन पुसणारा क्लीनर, कोळसा मारणारा फायरमन, मग शंटर, मग ड्रायव्हर, अशी शिडी तेव्हाही होती. ड्रायव्हरांमध्येही सी, बी, ए आणि सगळ्यांत वर 'ए स्पेशल' असे दर्जे होते. नगरकडून येऊन पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला सोडून दुसऱ्या टोकाला जोडावं लागायचं. कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्या दौंड स्टेशनात न शिरताच वळतात. पण गाडी आली की माणसं बदलणं, नव्या ड्रायव्हर-असिस्टंटची जोडी चढवणं, हे काम दौंडचंच राहिलं.

शिरूर तालुक्यात रूळ नाहीत. न्हावरा, मांडवगण फराटा या बाजूच्या पोराला रेल्वे म्हणजे दौंड. आयटीआयला फिटर किंवा इलेक्ट्रिशियन केलं की त्याच्यासमोर तीन वाटा असतात: रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटी काम, कुरकुंभच्या एखाद्या केमिकल कंपनीत शिफ्ट, नाहीतर 'एएलपी'चा फॉर्म, म्हणजे असिस्टंट लोको पायलट.

या फॉर्मची परीक्षा साधी नाही. संगणकावरचे दोन टप्पे पार केल्यावर अभियोग्यता चाचणी असते. तिच्यात स्मरण, अंतराचा अंदाज, लक्ष टिकवणं, दिसलेली गोष्ट झटकन ओळखणं अशा गोष्टी तपासतात. प्रत्येक चाचणीत किमान 42 टी-स्कोअर लागतो आणि त्यात कुठल्याही प्रवर्गाला सवलत नाही. अंतिम गुणवत्तेत दुसऱ्या लेखी परीक्षेला 70 टक्के आणि या चाचणीला 30 टक्के वजन. त्यानंतर ए-वन दर्जाची वैद्यकीय तपासणी: चष्म्याशिवाय दोन्ही डोळे 6/6, रंग ओळखणं अचूक. लेसर शस्त्रक्रिया करून चष्मा घालवलेला उमेदवारही चालत नाही. अभ्यासावर दोन-दोन वर्षं घालवून मुलगा इथे बाद होतो तेव्हा घरच्यांना फार लागतं. डोळ्यांची तपासणी आधी करून घ्या, मग क्लासची फी भरा, असं मी या भागातल्या पालकांना आवर्जून सांगेन.

निवड झाली की शिडी अशी. असिस्टंट वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पायरीवर, म्हणजे 19,900 रुपये मूळ पगारावर लागतो. सिनियर असिस्टंट चौथ्या पायरीवर, 25,500. मधे यार्डात डबे लावणारा शंटर. मग लोको पायलट गुड्स, सहाव्या पायरीवर, 35,400. त्यावर पॅसेंजर आणि सर्वांत वर मेल-एक्सप्रेस. इथे एक गोष्ट बाहेरच्या माणसाला चकित करते. मालगाडी, पॅसेंजर आणि मेल या तिन्ही पदांची पायरी एकच आहे, सहावी. मालगाडीवरून मेलवर जाईपर्यंत दहा-बारा वर्षं वाट पाहायची आणि मूळ पगाराची पायरी तीच. थोडा जादा भत्ता मिळतो. दहा, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेनंतरची आश्वासित आर्थिक वाढही आहे. पण केवळ पगारासाठी कोणी मेलची वाट पाहतं असं नाही.

मग कशासाठी? ते कळायला मालगाडीवाल्याची एक ड्यूटी पाहावी लागेल.

मालगाडीला वेळापत्रक नसतं. रात्री साडेअकराला फोन येतो, दोन तासांनी गाडी आहे. घरातली बाई उठून डबा करते. बॅगेत टॉर्च, लाल आणि हिरव्या झेंड्या, धोक्याच्या वेळी रुळावर लावायचे डेटोनेटर, नियमांचं पुस्तक. लॉबीत पोचल्यावर श्वासाची चाचणी होते. दारूचा अंश सापडला तर नोकरीवर गदा. मग संगणकावर साइन ऑन, घड्याळ जुळवणं, कॉशन ऑर्डर वाचून सही. कुठल्या किलोमीटरला रुळाचं काम चालू आहे, कुठे ताशी 30 ने जायचं, ते सगळं त्या कागदात. इंजिन ताब्यात घेतल्यावर ब्रेकची तपासणी. गाडी निघाली की दर सिग्नलला असिस्टंट मोठ्याने पुकारतो, ड्रायव्हर परत पुकारतो, हात दाखवून खात्री करतो. काही सेकंद हाताची हालचाल झाली नाही तर दक्षता यंत्र इशारा देतं, आणि त्यालाही प्रतिसाद मिळाला नाही तर आपोआप ब्रेक लागतो. एवढं करून पंधरा-वीस किलोमीटरवर गाडी लूप लाइनला घेतात, कारण मागून एक्सप्रेस येतेय. ती जाते, मग दुसरी येते. पहाटेचे चार वाजतात. समोर लाल सिग्नल, मागे अठ्ठावन्न वॅगन, आणि डोळा मिटायची सोय नाही. लाल सिग्नल ओलांडला गेला, ज्याला रेल्वेत 'स्पॅड' म्हणतात, तर वीस वर्षांची नोकरी एका रात्रीत जाऊ शकते. सलग ड्यूटीची मर्यादा साधारण 9 तासांची ठरलेली असली तरी ती मोजताना गाडी कुठे अडकली त्यावर सगळं अवलंबून असतं. ड्यूटी संपते ती बहुधा दुसऱ्याच गावी, तिथल्या रनिंग रूममध्ये. तिथे झोप, मग परतीच्या गाडीचा कॉल.

मेलची ड्यूटीही सोपी नाही. वेग जास्त, मागे हजारभर माणसं. पण तिला 'लिंक' असते, म्हणजे ठरलेलं वेळापत्रक. येत्या गुरुवारी रात्री आपण कुठे असू हे मेलवाल्याला आज माहीत असतं. लक्ष्मीपूजनाला घरी आहोत की नाही, मुलीच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी कुठे आहोत, हे सांगता येतं. बढतीतून मिळतो तो मुख्यतः झोपेचा हिशोब आणि घरच्यांना दिलेला शब्द पाळण्याची शक्यता. म्हणून सिनिऑरिटीवरून रनिंग स्टाफ इतका हळवा असतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो कागदावरचा नंबर वाटतो, पण त्या नंबरावर घरातली जेवणाची वेळ ठरते.

हा नंबर पडतो कसा? रेल्वेच्या आस्थापना नियमावलीनुसार ज्या पदाला प्रशिक्षण लागतं, तिथे भरती मंडळाच्या निकालातला क्रम अखेरचा नसतो. प्रशिक्षणाच्या शेवटी जी परीक्षा होते, तिच्या गुणांवर त्या तुकडीतली ज्येष्ठता ठरते. पहिल्या प्रयत्नात नापास झालेला, पुढच्या कोर्सला बसलेला, आधी पास झालेल्यांच्या खाली जातो. एकदा नोकरी लागली म्हणून प्रशिक्षण केंद्रातले महिने आरामात काढणारी मुलं असतात. तिथल्या परीक्षेत दोनशे जणांच्या तुकडीत दहावा येणं आणि एकशेनव्वदावा येणं यात पुढे बढतीचं काही वर्षांचं अंतर पडू शकतं, आणि ते नंतर कशानेही भरून निघत नाही. जीव तोडून काम करा, वेळेत गाड्या चालवा, पारितोषिकं मिळवा. पात्रता परीक्षेत नापास झालात किंवा शिक्षा लागली तर मागे पडाल, पण पुढच्याला ओलांडून जाता येत नाही. मला या पद्धतीबद्दल आदर आहे. ज्या खात्यात पूर्वी गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन माणसांसाठी वरच्या गाड्या राखून ठेवलेल्या असत, तिथे तारीख आणि गुण या दोनच गोष्टींवर क्रम लागणं ही लहान गोष्ट नाही. साहेबाची मर्जी इथे चालत नाही.

पण यादी न्यायाची असली तरी ती सरकते वरच्यांच्या निवृत्तीने आणि नव्या जागांनी, आणि या दोन्ही गोष्टी कुणाच्या हातात नसतात. केंद्र सरकारने मे 1998 मध्ये निवृत्तीचं वय 58 वरून 60 केलं, तेव्हा वरच्यांना दोन वर्षं मिळाली. त्याच दोन वर्षांत वयोमानानुसार कोणी निवृत्तच होईना, त्यामुळे खालच्यांच्या बढत्या तेवढा काळ तुंबल्या. विमान कंपन्यांमध्ये असंच आणखी मोठ्या प्रमाणात घडलं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नोव्हेंबर 2006 पासून वैमानिकांची वयोमर्यादा 60 वरून 65 केली, अमेरिकेने डिसेंबर 2007 मध्ये कायदा करून तीच वाट धरली. तिथे सहवैमानिकाचा कॅप्टन होणं पूर्णपणे सिनिऑरिटीवर असतं. उद्या-परवा कॅप्टन होणारे कितीतरी जण त्या एका सहीने पाच वर्षं डाव्या सीटच्या शेजारीच बसून राहिले.

निवृत्तीच्या तारखांचा आपल्याकडचा एक खास प्रकार आहे. मास्तरांनी शाळेत नाव घालताना जन्मतारीख 1 जून लिहिलेली पिढी ग्रामीण महाराष्ट्रात अजून नोकरीत आहे. सरकारी नियमाप्रमाणे माणूस निवृत्तीचं वय पूर्ण झालेल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. मात्र ज्याचा जन्म महिन्याच्या 1 तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस. म्हणून आपल्याकडे कुठल्याही खात्यात 31 मेच्या निरोप समारंभांची गर्दी असते. मास्तरांच्या त्या एका सोयीमुळे अनेकांच्या बढतीचा मुहूर्त जूनमध्ये येतो.

निवृत्तीच्या पैशाचंही रनिंग स्टाफचं वेगळं गणित आहे. चालवलेल्या अंतरावर मिळणारा किलोमीटर भत्ता हा निव्वळ भत्ता मानत नाहीत. त्यातला मूळ पगाराच्या 30 टक्के इतका भाग पगार समजतात आणि जुन्या पेन्शनवाल्यांच्या निवृत्तिवेतनासाठी मूळ पगारात 55 टक्के मिळवतात. त्यामुळे शेवटपर्यंत लाइनवर राहिलेल्या माणसाचं पेन्शन बरोबरीच्या कारकुनापेक्षा चांगलं बसतं. 1 जानेवारी 2004 नंतर लागलेल्यांना मात्र जुनी पेन्शन नाही. त्यांची राष्ट्रीय पेन्शन योजना, आणि 1 एप्रिल 2025 पासून हवी तर एकीकृत योजना. एकाच इंजिनात बसलेल्या ड्रायव्हर आणि असिस्टंटच्या म्हातारपणाचे हिशोब असे दोन तऱ्हेचे आहेत.

2004 मध्येच रेल्वेने आणखी एक योजना आणली होती. ठरावीक वय आणि सेवा झालेल्या ड्रायव्हरने आणि गँगमनने लवकर निवृत्त व्हायचं आणि पात्र असेल तर मुलाला नोकरी मिळायची. रेल्वे गावांतल्या अनेक घरांनी त्यावर आशा ठेवली. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने 2016 मध्ये ही मागच्या दाराची भरती ठरवली, आणि ऑक्टोबर 2017 मध्ये योजना थांबली. ज्या घरांची आशा तुटली त्यांचं दुःख मी समजू शकतो. तरी निकाल योग्य होता असंच माझं मत आहे. बापाच्या सेवेवर मुलाची जागा ठरली तर मांडवगणच्या शेतकऱ्याच्या मुलाने फॉर्म तरी का भरायचा?

खरं दुखणं भरतीच्या अनियमिततेत आहे. 2018 च्या जाहिरातीतून असिस्टंटच्या 27,795 जागा भरायच्या ठरल्या. मग जवळजवळ सहा वर्षं या पदाची नवी जाहिरातच नाही. जानेवारी 2024 मध्ये 5,696 जागांची जाहिरात आली आणि पुढे तो आकडा 18,799 झाला. 2025 ची जाहिरात 9,970 जागांची. म्हणजे यादीत एके ठिकाणी प्रचंड गर्दी, मग मोकळं मैदान, मग पुन्हा गर्दी. गर्दीच्या तुकडीत मागे पडलेल्या मुलासमोर त्याच्याच वयाची रांग उभी असते. ती रांग निवृत्तीने कमी होणार नाही, कारण ते सगळे त्याच्याच बरोबरीने साठीला पोचणार. उलट ज्या वर्षी कमी भरती झाली त्या वर्षीचा माणूस लवकर पुढे जातो. 2024 पासून रेल्वेने भरतीचं वार्षिक कॅलेंडर जाहीर करायला सुरुवात केली आहे. ते खरोखर पाळलं गेलं तर या दुखण्यावर तेच सर्वांत चांगलं औषध आहे, आणि त्यासाठी कर्मचारी संघटनांनी आणि आमदार-खासदारांनी सतत मागे लागायला हवं.

आता त्या एका सहीकडे येऊ.

भरतीचा फॉर्म एकाच मंडळाकडे भरता येतो. मुलं जागा कुठे जास्त आहेत ते पाहून मंडळ निवडतात. मुंबई मंडळात स्पर्धा जास्त वाटली तर दूरचं मंडळ भरतात, आणि पोस्टिंग मिळतं हजार-पंधराशे किलोमीटरवर. भाषा वेगळी, जेवण वेगळं, आणि मालगाडीची ड्यूटी. दोन-चार वर्षांत घरी आईबापांची तब्येत, शेतीची वाटणी, स्वतःचं लग्न असे प्रश्न उभे राहतात. मग अर्ज होतो: विनंती बदली. रेल्वेच्या त्याच नियमावलीत परिच्छेद 312 आहे. स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या विभागात जाणाऱ्याची ज्येष्ठता तिथल्या त्या पदावरच्या सगळ्या माणसांच्या खाली लागते, मग ते कायम असोत की तात्पुरते. लाइनवर याला 'बॉटम सिनिऑरिटी' म्हणतात. सहा वर्षं नोकरी केलेला माणूस गेल्या महिन्यात रुजू झालेल्या पोराच्या मागे उभा राहतो. मालगाडीचा ड्रायव्हर झालेल्याला तर अनेकदा आधी खालच्या पदावर उतरावं लागतं, कारण अशा बदल्या थेट भरतीच्या पदांवर होतात. अदलाबदलीची बदली, म्हणजे दोघांनी एकमेकांच्या जागी जाणं, थोडी बरी. त्यात परिच्छेद 310 प्रमाणे स्वतःची किंवा समोरच्याची, यातली जी कमी असेल ती ज्येष्ठता मिळते.

हा नियम क्रूर आहे का? बरेच दिवस विचार करून मला तो क्रूर वाटत नाही. आधीपासून दौंडला, सोलापूरला, पुण्याला रांगेत उभ्या असलेल्यांच्या पुढे बाहेरून आलेला माणूस घुसला तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. विमान कंपनीतही कॅप्टनने कंपनी बदलली की बहुतेक ठिकाणी तो नव्या यादीच्या तळाशी लागतो. पण नियम न्याय्य आहे म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. पंचविशीतला मुलगा भावनेच्या भरात सही करतो आणि त्याचा परिणाम चाळिशीत कळतो: बरोबरचे मित्र मेलवर, आपण मालगाडीवर. अशी सही करू नये असं मी म्हणत नाही. म्हातारे आईबाप एकटे असतील तर घरी यावंच. ती सही करताना आपण नेमकं काय देतोय हे माहीत असावं, एवढंच.

विभागच बदलला तर? दौंड कित्येक वर्षं सोलापूर विभागात होतं, ते 1 एप्रिल 2024 पासून पुणे विभागात आलं. प्रवाशाच्या दृष्टीने फलकावरचा बदल, पण रनिंग स्टाफसाठी विभाग हे ज्येष्ठतेचं एकक आहे. प्रशासनाच्या गरजेने झालेल्या बदलीत परिच्छेद 311 लागतो आणि त्यात माणसाची त्या पदावरची तारीख कायम राहते, तो तळाला जात नाही. तरी दोन याद्या एकत्र आल्या की कोण कोणाच्या पुढे, हा प्रश्न येतोच. एका विभागात बढती लवकर मिळालेली असते, दुसऱ्यात उशिरा, आणि तारीख मोजली की एकाच वर्षी रुजू झालेल्यांपैकी एक पुढे जातो.

याद्या एकत्र करणं किती अवघड असतं ते एअर इंडियाने देशाला दाखवलं. 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, वैमानिकांच्या याद्या मात्र दोन राहिल्या. त्यांचा मेळ घालायला 2011 मध्ये न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली. नव्या ड्रीमलायनर विमानांवर प्रशिक्षण कोणाला द्यायचं यावरून 2012 मध्ये मूळच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी संप केला, तो 58 दिवस चालला. विमान चालवता कोणाला येतं हा वाद नव्हताच. मोठं विमान म्हणजे वरची जागा, आणि वरच्या जागेवर पहिला हक्क कुणाचा, एवढ्यावर सगळं पेटलं होतं. बारामतीच्या धावपट्टीवर शिकाऊ विमानं उडवणाऱ्या आणि पुढे एखाद्या मोठ्या कंपनीत जाणाऱ्या मुलामुलींनाही हाच प्रश्न भेटणार आहे. व्यावसायिक परवान्याला लागणारे 200 तास पूर्ण केले म्हणजे दार उघडतं. पुढे कॅप्टन होण्याची वाट तासांबरोबर रांगेवरही असते.

ज्येष्ठता हिरावून घेणं हे शिक्षेचं हत्यारही होऊ शकतं. 8 मे 1974 रोजी सुरू झालेला देशव्यापी रेल्वे संप वीस दिवसांनी मोडला. त्याआधीच्या वर्षी ड्रायव्हरांनी कामाच्या तासांसाठी दिलेला लढा अजून ताजा होता. संपानंतर अनेकांना काढलं, आणि जे राहिले त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या सेवेत 'खंड' पडला. कागदावर सेवा तुटली की पेन्शन, बढती, ज्येष्ठता सगळ्याला धक्का. 1977 मध्ये रेल्वेमंत्री झालेल्या मधू दंडवत्यांनी या कामगारांना परत घेतलं आणि त्यांचा तो खंड भरून काढला. दंडवते मूळचे अहमदनगरचे, दौंडपासून तीन तासांच्या आतलं गाव. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आणणारे मंत्री म्हणून लोक त्यांना आठवतात. रेल्वेतल्या जुन्या माणसांच्या घरी मात्र त्यांचं नाव निघतं ते परत मिळालेल्या नोकरीसाठी.

शेवटचा धोका शरीराचा. 45 वर्षांपर्यंत दर चार वर्षांनी, मग 55 पर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते. साखर, रक्तदाब, मोतीबिंदू, यातलं काहीही माणसाला इंजिनातून खाली उतरवू शकतं. नोकरी जात नाही. पगार राखून, त्यात रनिंगचा 30 टक्क्यांचा भाग धरून दुसऱ्या खात्यात जागा देतात. पण वीस वर्षं ज्या नंबराची वाट पाहिली, तो मेलच्या दारात असताना माणूस ऑफिसच्या खुर्चीवर बसतो. अवेळी झोप, अवेळी जेवण आणि तासन्तास एकाच जागी बसणं यांचा हा हिशोब आहे. म्हणून ड्यूटीचे तास आणि साप्ताहिक विश्रांती यांची मागणी ही आळशांची मागणी नाही.

ही शिडी पूर्ण चढलेल्यांत सर्वांत ओळखीचं नाव साताऱ्याच्या सुरेखा यादव यांचं. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात विद्युत पदविका घेतलेली ही मुलगी 1989 मध्ये मध्य रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हर झाली. पहिली गाडी वाडीबंदर ते कल्याण ही मालगाडी. आशियातली पहिली महिला ट्रेन ड्रायव्हर म्हणून त्यांचं नाव झालं, पण नाव झालं म्हणून रांग चुकली नाही. 1996 मध्ये मालगाडी. 2000 मध्ये महिला विशेष लोकल. 2010 मध्ये घाटातली गाडी; तिथे मागेपुढे इंजिनं लावून चढ-उतार सांभाळावा लागतो आणि त्यासाठी वेगळं प्रशिक्षण असतं. मेल-एक्सप्रेसची बढती मे 2011 मध्ये, म्हणजे असिस्टंट झाल्यापासून 22 वर्षांनी. त्याआधी 8 मार्च 2011 रोजी त्यांनी पुण्याहून मुंबईपर्यंत डेक्कन क्वीन नेली होती. 13 मार्च 2023 रोजी त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली, ती दौंडवरूनच गेली. 30 सप्टेंबर 2025 ला त्या निवृत्त झाल्या. छत्तीस वर्षांच्या नोकरीतली चौदा वर्षं मेल-एक्सप्रेसवर आणि त्याआधीची बावीस तिथे पोचायला. देशात एवढा मान मिळालेल्या बाईंना जर बावीस वर्षं लागली, तर बाकीच्यांनी किती धीर धरायचा ते यावरून ओळखावं.

शिरूर-दौंडच्या ज्या घरात यंदा एएलपीचा फॉर्म भरला जाणार आहे त्यांना एवढंच सांगायचं आहे. मंडळ निवडताना जागांच्या आकड्याबरोबर नकाशाही समोर ठेवा, कारण घरी परतायची किंमत ज्येष्ठतेत मोजावी लागते. निवड झाली तर प्रशिक्षण केंद्रातली परीक्षा नोकरीतली सर्वांत महत्त्वाची परीक्षा समजून द्या. आणि विनंती बदलीच्या अर्जावर सही करण्याआधी, ज्या विभागात जायचं तिथली सिनिऑरिटी लिस्ट मागून घ्या, तुमच्या पुढे किती जण आणि त्यांच्या निवृत्तीची वर्षं कोणती ते कागदावर मांडा, मग सही करा.